विधी क्षेत्रातील रोजगार आणि जाहिरातीचे अर्थशास्त्र

एकाच देशात एकाच वेळी पदे रिक्त असावीत आणि त्या पदांसाठी आवश्यक शिक्षण घेतलेले तरुण कामाच्या शोधात फिरत असावेत, ही स्थिती वरकरणी विसंगत वाटते. भारताच्या न्यायव्यवस्थेत मात्र ती दीर्घकाळ टिकून आहे. जिल्हा व दुय्यम न्यायालयांतील न्यायाधीशांची मंजूर पदे २५ हजारांहून अधिक आहेत आणि त्यांपैकी ५ हजारांच्या आसपास पदे गेली अनेक वर्षे रिक्त राहत आली आहेत. विधी आयोगाने १९८७ मधील आपल्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकसंख्येमागे असलेले १०.५ न्यायाधीशांचे प्रमाण ५० पर्यंत नेण्याची शिफारस केली होती. ते उद्दिष्ट अद्याप दूर आहे. दुसऱ्या बाजूस देशातील नोंदणीकृत वकिलांची संख्या १५ लाखांच्या पुढे गेली असून विधी महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो नवे पदवीधर बाहेर पडत आहेत.

मागणी आहे, पुरवठाही आहे. मग दोहोंची गाठ का पडत नाही? या प्रश्नाचे उत्तर केवळ पदांच्या संख्येत सापडणार नाही. कोणते पद केव्हा भरले जाणार, त्याची माहिती कोणाला व कधी मिळणार आणि निवड कोणत्या निकषांवर होणार, या बाबी रोजगाराच्या बाजारपेठेत वेतनाइतक्याच निर्णायक असतात. वकिलांच्या रोजगाराचा विचार या दृष्टीने केल्यास एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. या क्षेत्रात एक नव्हे, तर दोन बाजारपेठा आहेत. एक जाहिरातीवर चालते, तर दुसरी ओळखीवर.

माहितीलाही किंमत असते

अभिजात अर्थशास्त्राने श्रमबाजाराचे जे चित्र रंगविले, त्यात प्रत्येक कामगाराला प्रत्येक नोकरीची माहिती आहे, असे गृहीत धरलेले होते. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ व १९६२ मधील आपल्या दोन निबंधांत या गृहीतकाला आव्हान दिले. माहिती मिळविण्यास वेळ, पैसा व श्रम लागतात आणि आणखी शोध घेण्यापासून अपेक्षित असलेला लाभ त्या शोधाच्या खर्चापेक्षा जास्त असेल तोपर्यंतच माणूस शोध घेतो, असे त्यांनी दाखवून दिले. ज्याच्या गाठीशी पैसा कमी, त्याचा शोध लवकर थांबतो. साताऱ्याच्या एखाद्या तालुक्यातील पदवीधराला मुंबईतील दहा कार्यालयांत जाऊन चौकशी करण्याचा जो खर्च येतो, तो मुंबईतील वकिलाच्या मुलाला येत नाही. गुणवत्ता समान असली तरी शोधाची क्षमता समान नसते.

पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिदीस यांनी हाच विचार पुढे नेला. रिक्त पद आणि योग्य उमेदवार यांची भेट घडण्यात जे अडथळे येतात, त्यांमुळे रिक्त पदे व बेरोजगारी एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्या सिद्धांताचे सार होय. या कार्यासाठी त्यांना २०१० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतील बोस्टननजीकच्या एका उपनगरात केलेल्या आणि १९७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की व्यावसायिक व तांत्रिक कामे करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना नोकरीची माहिती वैयक्तिक ओळखीतून मिळाली होती. त्यातही जवळच्या नातलगांपेक्षा दूरच्या परिचितांचा उपयोग अधिक झाला होता, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते.

सार्वजनिक जाहिरात ही या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. शोधाचा खर्च उमेदवाराच्या खांद्यावरून उतरवून तो नियोक्त्याकडे व समाजाकडे सोपविण्याचे ते साधन आहे. ज्याच्या ओळखी नाहीत, त्याच्यासाठी जाहिरात हीच ओळख असते.

घटनेचे अधिष्ठान

भारतात सार्वजनिक पदांची जाहिरात हा केवळ प्रशासकीय सोयीचा प्रश्न नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ ने कायद्यापुढील समानता आणि अनुच्छेद १६ ने सार्वजनिक सेवेतील समान संधी यांची हमी दिली आहे. ज्या पदाची बातमीच पोहोचली नाही, त्या पदाबाबत समान संधी मिळाली, असे म्हणता येणार नाही.

सेवायोजन कार्यालये (रिक्त पदांची सक्तीची अधिसूचना) अधिनियम, १९५९ अन्वये सरकारी आस्थापना व ठरावीक आकाराच्या खासगी आस्थापना यांच्यावर रिक्त पदे सेवायोजन कार्यालयांना कळविण्याचे बंधन घालण्यात आले. मात्र त्या कार्यालयामार्फतच भरती करण्याची सक्ती नव्हती. हा विषय पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला. केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठविलेल्या नावांतून निवड करणे पुरेसे आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने १९९६ मधील मलकापटणम प्रकरणात असे मत दिले, की कार्यालयाकडून नावे मागविण्याबरोबरच वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी, तसेच आकाशवाणी, दूरदर्शन व सूचना फलक यांद्वारेही माहिती प्रसृत करावी. १० एप्रिल २००६ रोजी कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात घटनापीठाने सार्वजनिक भरतीचा हा नियम आणखी स्पष्ट केला. जाहिरात व खुली स्पर्धा यांना वळसा घालून मिळालेली तात्पुरती नियुक्ती कायम होण्याचा हक्क निर्माण करीत नाही, हे या निर्णयाचे मर्म आहे.

माहितीच्या प्रसारासाठी शासनाने संस्थात्मक व्यवस्थाही उभी केली. प्रकाशन विभागातर्फे १९७६ पासून निघणारे ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ व ‘रोजगार समाचार’ हे साप्ताहिक आणि २०१५ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळ ही त्यांपैकी ठळक उदाहरणे होत.

जाहिरातीवर चालणारी बाजारपेठ

विधी पदवीधरासाठी खुल्या जाहिरातीतून भरली जाणारी पदे अनेक प्रकारची आहेत. त्यांची विभागणी समजून घेणे परीक्षार्थींना उपयुक्त ठरेल.

पहिला गट न्यायिक सेवेचा. अनुच्छेद २३४ अन्वये जिल्हा न्यायाधीशाच्या खालील पदांवरील नियुक्त्या राज्यपाल, राज्य लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांनुसार करतात. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग) या पदाची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. उत्तर प्रदेशातही हे काम लोकसेवा आयोगाकडे आहे, तर दिल्ली व मध्य प्रदेशात उच्च न्यायालय स्वतः परीक्षा घेते. म्हणजेच कोणत्या राज्याची जाहिरात कोणत्या संस्थेकडून निघते, हेच उमेदवाराला प्रथम शोधावे लागते. जिल्हा न्यायाधीश पदावरील थेट नियुक्तीसाठी अनुच्छेद २३३ मध्ये किमान सात वर्षांच्या वकिलीची अट आहे. न्यायिक अधिकारी म्हणून केलेली सेवा आणि त्यापूर्वीची वकिली यांचा एकत्रित सात वर्षांचा अनुभव या थेट भरतीसाठी ग्राह्य धरावा, असा निर्णय घटनापीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला.

दुसरा गट अभियोक्त्यांचा. केंद्रीय अन्वेषण विभागातील सहायक सरकारी अभियोक्त्यांची निवड संघ लोकसेवा आयोग करतो. महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्ता हे पद राज्य लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते.

तिसरा गट विधी अधिकाऱ्यांचा. सार्वजनिक क्षेत्रातील बँका आयबीपीएसच्या विशेषज्ञ अधिकारी परीक्षेद्वारे विधी अधिकारी निवडतात. रिझर्व्ह बँक आणि सेबी आपल्या स्वतंत्र जाहिराती काढतात. काही सार्वजनिक उपक्रमांनी पदव्युत्तर ‘क्लॅट’ परीक्षेतील गुणांचा आधार घेतला आहे. सैन्यदलातील जज ॲडव्होकेट जनरल शाखेतही विधी पदवीधरांना प्रवेश मिळतो.

चौथा गट विधी साहाय्याचा. अनुच्छेद ३९-अ आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ यांच्या आधारे उभ्या असलेल्या व्यवस्थेत २०२२ च्या योजनेनुसार जिल्हास्तरावर विधी साहाय्य बचाव पक्ष वकिलांची कार्यालये सुरू झाली. मुख्य वकिलासाठी दहा वर्षे, उपमुख्य वकिलासाठी सात वर्षे आणि सहायकासाठी शून्य ते तीन वर्षे असा फौजदारी कामाचा अनुभव या योजनेत अपेक्षित आहे. नवोदितांना जिल्ह्याच्या ठिकाणी मानधनासह काम देणारी ही महत्त्वाची वाट आहे. मात्र नियुक्ती कंत्राटी असते आणि जाहिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण काढते, त्यामुळे ती शेजारच्या जिल्ह्यातही अनेकदा पोहोचत नाही. सर्वोच्च न्यायालयातील विधी लिपिक तथा संशोधन सहायकांची निवडही आता लेखी परीक्षा व मुलाखत यांतून होते.

जाहिरात केव्हा निघणार?

जाहिरात निघणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर निघणे महत्त्वाचे. दोन वर्षे परीक्षा न होता अचानक मोठी जाहिरात निघाली, तर मधल्या काळात अनेकांची वयोमर्यादा उलटते, कित्येक जण तयारी सोडून देतात आणि ज्यांना घरून आर्थिक आधार आहे तेच टिकून राहतात. अनिश्चितता हादेखील एक खर्चच आहे आणि तो गरिबाला अधिक जड जातो.

सर्वोच्च न्यायालयाने मलिक मझहर सुलतान प्रकरणात जानेवारी २००७ मध्ये न्यायिक पदांच्या भरतीचे वेळापत्रकच आखून दिले. वर्षाच्या आरंभी रिक्त व संभाव्य रिक्त पदांची गणना, त्यानंतर जाहिरात, पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत आणि वर्षअखेरपर्यंत नियुक्ती, असा हा क्रम आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांत तो पाळला जात नाही. नियमांवरून होणारे वाद, न्यायालयीन खटले, पुरेसे उमेदवार किमान गुणांपर्यंत न पोहोचणे, न्यायालयीन इमारती व निवासस्थाने यांची कमतरता अशी त्याची विविध कारणे आहेत. राज्यघटनेतील ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ३१२ मध्ये अखिल भारतीय न्यायिक सेवेची तरतूद केली. जिल्हा न्यायाधीश व त्यावरील पदांपुरती मर्यादित असलेली ही सेवा अद्याप अस्तित्वात आलेली नाही. देशभर एकच जाहिरात व एकच परीक्षा यांमुळे शोधखर्च कमी होईल, असे तिचे समर्थक मानतात. स्थानिक भाषा, स्थानिक कायदे आणि उच्च न्यायालयांचे नियंत्रण हे विरोधकांचे मुद्दे आहेत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु वेळापत्रक पाळण्यासाठी नव्या सेवेची वाट पाहण्याचे कारण नाही.

पात्रतेच्या अटीही बाजारपेठेचा आकार ठरवितात. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीश पदासाठीची तीन वर्षांच्या वकिलीची अट काढून टाकण्याची दिशा दिली आणि ताज्या पदवीधरांना दार खुले झाले. २० मे २०२५ च्या निर्णयाने ही अट पुन्हा लागू करण्याचा आदेश देण्यात आला. तात्पुरत्या नोंदणीपासूनचा काळ मोजावा आणि विधी लिपिक म्हणून केलेले कामही ग्राह्य धरावे, असे त्यात नमूद आहे. न्यायदानासाठी न्यायालयीन अनुभव आवश्यक आहे, हा या आदेशामागील विचार समजण्याजोगा आहे. तथापि त्याचा एक आर्थिक परिणाम ध्यानात घ्यावा लागेल. जाहिरातीच्या बाजारपेठेत प्रवेश करण्यापूर्वी उमेदवाराला आता तीन वर्षे दुसऱ्या बाजारपेठेत, म्हणजे ओळखीच्या बाजारपेठेत काढावी लागतील.

ओळखीवर चालणारी बाजारपेठ

वकिली सुरू करणारा तरुण प्रथम एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करतो. मराठीतील ‘उमेदवारी’ या शब्दाचे दोन अर्थ येथे अर्थपूर्ण ठरतात. पदासाठी अर्ज करणारा तो उमेदवार आणि काम शिकण्यासाठी विनावेतन वा अल्पवेतनावर राबणारा तोही उमेदवार. पहिल्या उमेदवारीची जाहिरात निघते. दुसरीची सहसा निघत नाही. ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात जागा असल्याची बातमी न्यायालयाच्या आवारात, बार रूममध्ये, नातेसंबंधांत व जुन्या पक्षकारांत फिरते. ज्याच्या घरात पूर्वी कोणी वकील नव्हता, त्याच्यापर्यंत ती पोहोचेलच असे नाही.

या व्यवस्थेला काही तार्किक आधारही आहे. ज्येष्ठ वकिलाकडे पक्षकारांची गोपनीय कागदपत्रे असतात आणि नवोदिताच्या प्रामाणिकपणाची खात्री त्याला हवी असते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडल्याप्रमाणे, नियोक्त्याला उमेदवाराची खरी क्षमता दिसत नाही, तेव्हा तो संकेतांवर विसंबून राहतो. नामांकित विद्यापीठाची पदवी हा जसा एक संकेत, तसाच परिचिताचा शब्द हाही एक संकेत असतो. अडचण अशी, की हा दुसरा संकेत गुणवत्तेबरोबरच जन्म व परिसर यांवरही अवलंबून असतो.

वेतनाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात किमान २० हजार व ग्रामीण भागात किमान १५ हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. ज्या जागेची जाहिरात निघत नाही, तिचे वेतनही जाहीर होत नाही आणि जाहीर न झालेल्या वेतनाची घासाघीस करण्याची ताकद नवोदितात नसते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना नोंदणीशुल्क कायद्यातील मर्यादेपेक्षा अधिक आकारता येणार नाही, असे ठरविले. खुल्या प्रवर्गासाठी ही मर्यादा ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. प्रवेशाचा हा खर्च कमी झाला हे स्वागतार्ह आहे. पण प्रवेशानंतरच्या पहिल्या तीन वर्षांचा निर्वाह हा त्याहून मोठा अडसर आहे.

मोठ्या विधी संस्थांची (लॉ फर्म) भरती याच्या मधोमध येते. बंगळूर येथील राष्ट्रीय विधी विद्यालयाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केल्यानंतर अशी विद्यापीठे देशभर उभी राहिली. महाराष्ट्रात ती मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. निवडक विद्यापीठांच्या आवारात या संस्था विद्यार्थ्यांची निवड अभ्यासक्रम संपण्याच्या बऱ्याच आधी करतात. आल्विन रॉथ व शियाओलिन शिंग यांनी १९९४ मधील निबंधात अमेरिकेतील विधी क्षेत्रासह अनेक बाजारपेठांत निवडीची तारीख स्पर्धेमुळे सतत अलीकडे सरकत जाते, हे दाखविले होते. निवड जितकी लवकर, तितकी उमेदवाराबाबतची माहिती अपुरी आणि महाविद्यालयाच्या नावाचे महत्त्व अधिक. ज्या महाविद्यालयात या संस्था पाऊलच ठेवत नाहीत, तेथील हुशार विद्यार्थ्याला अशी जागा होती हेही नंतर कळते.

जाहिरातीवरील बंदी : गल्लत नको

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वकिलांना जाहिरात करता येत नाही, हे विधान विद्यार्थी अनेकदा वाचतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ अन्वये वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागण्यास किंवा स्वतःची जाहिरात करण्यास मनाई आहे. २००८ च्या दुरुस्तीने नाव, पत्ता, नोंदणी, शैक्षणिक पात्रता व कामाचे क्षेत्र एवढी माहिती संकेतस्थळावर देण्यास मुभा मिळाली. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये वकिलांच्या सेवांची ऑनलाइन जाहिरातबाजी करणाऱ्यांविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले. ही सर्व बंधने पक्षकार मिळविण्यासाठी केलेल्या जाहिरातीवरील आहेत. आपल्या कार्यालयात कनिष्ठ वकील हवा आहे, असे जाहीर करणे हा वेगळा विषय आहे. पक्षकारांपुढे आत्मस्तुती करणे आणि उमेदवारांना संधी कळविणे यांतील फरक ध्यानात घेतला, तर व्यवसायाची प्रतिष्ठा राखूनही भरती खुली करता येते.

दुसरा महत्त्वाचा नियम ४९ हा होय. सनदधारक वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अशी नोकरी स्वीकारल्यास ते बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. त्यामुळे कंपनीतील विधी अधिकाऱ्याची नोकरी स्वीकारणाऱ्याने पुढे वकिलीच्या वर्षांची अट असलेल्या पदाकडे वळायचे ठरविल्यास अडचण येऊ शकते. सरकारी अभियोक्ता मात्र पूर्णवेळ सेवेत असला तरी न्यायालयात बाजू मांडत असल्याने वकीलच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने दीपक अगरवाल प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केले. नोकरीची जाहिरात वाचताना आजच्या वेतनाबरोबरच ही नोकरी उद्याचे कोणते दार उघडते व कोणते बंद करते, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

सरकारी वकिलांची नियुक्ती : मधला प्रदेश

देशातील सर्वांत मोठा पक्षकार शासन आहे. शासनाची बाजू मांडणाऱ्या वकिलांची नेमणूक जाहिरातीच्या बाजारपेठेत येते की ओळखीच्या? जिल्हा सरकारी अभियोक्त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १८ मध्ये पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमय करून नामिका तयार करण्याची पद्धत आहे. किमान सात वर्षांची वकिलीही अपेक्षित आहे. उच्च न्यायालयांतील शासकीय वकिलांबाबत मात्र दीर्घकाळ शासनाची पसंती हाच मुख्य निकष राहिला.

पंजाब राज्य विरुद्ध ब्रिजेश्वर सिंग चहल या मार्च २०१६ मधील निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने याचा सविस्तर विचार केला. प्रत्यक्ष गरजेचे मूल्यमापन न करता विधी अधिकारी नेमणे आणि निवडीसाठी कोणतीही पारदर्शक पद्धत नसणे हे अनुच्छेद १४ शी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर हरियाणाने २०१६ मध्ये व पंजाबने २०१७ मध्ये विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुकीसंबंधी कायदे केले. वकील आणि पक्षकार यांच्यातील संबंध विश्वासाचा असतो, हे शासनाच्या बाबतीतही खरे आहे. परंतु शासनाचा पैसा जनतेचा असल्यामुळे विश्वास हे अपारदर्शकतेचे कारण होऊ शकत नाही.

दोन आकडे

खुल्या व बंद बाजारपेठेतील फरक किती मोठा असू शकतो, याची कल्पना दोन आकड्यांवरून येते. २०२२ मध्ये संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार नोंदणीकृत वकिलांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ मधील न्यायव्यवस्थाविषयक अहवालानुसार जिल्हा न्यायपालिकेतील न्यायाधीशांमध्ये मात्र हे प्रमाण ३६.३ टक्के होते.

हे आकडे सावधपणे वाचले पाहिजेत. वकिलांच्या नोंदणीत अनेक दशकांच्या पिढ्या सामावलेल्या आहेत, काही राज्यांच्या न्यायिक सेवेत स्त्रियांसाठी आरक्षण आहे आणि न्यायाधीशाच्या नोकरीत निश्चित वेतन व प्रसूती रजा यांसारख्या सुविधा आहेत. सर्व फरकाचे श्रेय जाहिरातीला देता येणार नाही. तरीही ज्या ठिकाणी पद जाहीर होते, निकष छापले जातात आणि उत्तरपत्रिका नाव न पाहता तपासली जाते, त्या ठिकाणी स्त्रियांचा वाटा दुपटीहून अधिक आहे, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही. विधी व्यवसाय स्त्रियांना खुला करणारा कायदा १९२३ मध्ये झाला. कायद्याने दार उघडून शतक लोटले तरी दारापर्यंतची वाट सर्वांना सारखी मोकळी झालेली नाही.

जाहिरात कशी वाचावी?

स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने जाहिरात हा एक कायदेशीर दस्तऐवज आहे. त्यासंबंधीची काही तत्त्वे न्यायनिर्णयांनी निश्चित केली आहेत. पात्रता कोणत्या दिनांकास पूर्ण असावी, हे प्रथम सेवानियमांवरून ठरते; नियमांत दिनांक नसेल तर जाहिरातीत दिलेला दिनांक आणि तोही नसेल तर अर्ज करण्याचा अंतिम दिनांक ग्राह्य धरला जातो. निकाल लागणे बाकी असताना अर्ज करणाऱ्यांनी हे विशेषत्वाने लक्षात ठेवावे. भरती प्रक्रिया जाहिरातीपासून सुरू होते आणि नियमांनी मुभा दिल्याशिवाय पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, असे घटनापीठाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तेज प्रकाश पाठक प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. मात्र निवड यादीत नाव आले म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क प्राप्त होत नाही, हे १९९१ च्या शंकरसन दाश प्रकरणातील तत्त्वही कायम आहे. अर्थात शासनाला मनमानीने पद रिकामे ठेवता येत नाही, हेही त्याच निर्णयात सांगितले आहे.

चांगल्या जाहिरातीत पदसंख्या व तिची प्रवर्गनिहाय विभागणी, वेतनश्रेणी किंवा मानधन, नियुक्ती कायम की कंत्राटी, वकिलीचा अनुभव मोजण्याची पद्धत, निवडीचे टप्पे व त्यांचे गुण स्पष्ट असावेत. यांपैकी जे दिलेले नाही, त्याची विचारणा संबंधित कार्यालयाकडे लेखी करावी. जाहिरातीची खातरजमा मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरच करावी. खासगी व्यक्तीच्या खात्यात शुल्क भरण्यास सांगणारी जाहिरात संशयास्पदच समजावी.

पुढील दिशा

धोरणाच्या पातळीवर तीन गोष्टी कमी खर्चात होऊ शकतात. पहिली, देशातील सर्व न्यायिक, अभियोक्ता, विधी अधिकारी व विधी साहाय्य पदांच्या जाहिराती प्रादेशिक भाषांसह एकाच ठिकाणी दिसण्याची व्यवस्था. राष्ट्रीय करिअर सेवेचा पाया त्यासाठी उपलब्ध आहे. दुसरी, २००७ च्या वेळापत्रकाच्या पालनाचा राज्यनिहाय वार्षिक अहवाल. कोणत्या राज्याने कोणता टप्पा किती दिवसांनी चुकविला, हे प्रसिद्ध होऊ लागले की दिरंगाईला उत्तर द्यावे लागेल. तिसरी व सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे कनिष्ठ वकिलांच्या जागांची नोंद. जिल्हा वकील संघांनी आपल्या सूचना फलकावर रिक्त जागा, कामाचे स्वरूप व विद्यावेतन लिहिण्याची प्रथा पाडली, तर त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. तीन वर्षांची वकिली न्यायिक सेवेची पायरी ठरत असेल, तर त्या पायरीपर्यंत पोहोचण्याची माहितीही सार्वजनिक असणे क्रमप्राप्त आहे.

न्यायालयात येणाऱ्या सामान्य माणसाला आपला न्यायाधीश, आपला अभियोक्ता वा आपला वकील कोणत्या जाहिरातीतून निवडला गेला, हे ठाऊक नसते. मात्र निवडीचे क्षेत्र जितके विस्तृत, तितकी निवड चांगली होण्याची शक्यता अधिक आणि त्याचा लाभ अखेर त्याच माणसाला होतो. रिक्त पदाची बातमी वेळेवर व सर्वांपर्यंत पोहोचविणे हा म्हणूनच केवळ बेरोजगारांच्या सोयीचा प्रश्न नसून न्याय सर्वांच्या आवाक्यात आणण्याच्या कार्याचा तो एक आवश्यक भाग आहे.